बरड कोणाच्या वाट्याला

मागच्या रविवारी आमच्या खेळात नव्यानेच येऊ लागलेल्या पोस्टातल्या मॅडमनी मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "यात सगळ्यांची नावं टाकली की वाटप आपोआप होतं. कोणाला कुठलं गाव, दोन सेकंदांत."

आम्ही पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अंगणवाडीच्या बेबीताई म्हणाल्या, "अजी मॅडम, वाटपच दोन सेकंदात झालं तं मंग खेळाले राह्यलं काय?"

मॅडमचा दोष नाही. त्यांनी हा खेळ काढणाऱ्या ताकसांडे साहेबांना पाहिलेलं नाही. साहेबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की बोटं माझ्याकडे वळतात, कारण खेळाची वही माझ्याकडे आहे.

साहेब भूमी अभिलेख खात्यात जमीन मोजणीला होते. जिल्हाभर फिरले आणि निवृत्त झाल्यावर आमच्या सिंदीत राहिले. उंच, किडकिडीत. उजवा खांदा जरा खाली. त्या खांद्यावर आधी जमीन मोजायची साखळी आणि नंतर मोजणीचं टेबल वाहिलं होतं, असं ते सांगत. कानावर पेन्सिल. तिला टोक ब्लेडनेच काढायचे. चालताना ओठ हलत. मी आधी समजले की जप चालला आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, "पावलं मोजून राह्यलो. स्टेशनापासून समाजमंदिर सहाशे चाळीस. तुमच्यासारखं घाईत चाललं तं सहाशे."

खेळ त्यांनी स्वतः तयार केला. कोणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आणून त्याच्या पांढऱ्या पाठीवर चोवीस गावं काढली. एक नदी, दोन नाले, एक रेल्वेलाइन, वरच्या कोपऱ्यात टेकड्या. गावांना नावं दिली नाहीत, फक्त गट नंबर दिले. "खरी नावं टाकली तं खरी भांडणं होतीन," म्हणाले. तेवीस वर्षं दुसऱ्यांची भांडणं पाहिलेला माणूस तो.

नियम थोडक्यात सांगते. खेळाडू सहा. प्रत्येकाला सुरुवातीला दोन गावं, उरलेली बारा मोकळी. सैन्य म्हणजे रंगवलेले चिंचोके. नदीकाठच्या काळ्या जमिनीच्या गावाला दर फेरीला तीन चिंचोके मिळतात, मध्यम जमिनीला दोन, टेकडीवरच्या बरड, म्हणजे मुरमाड जमिनीच्या गावाला एकच. पण बरड गावावर कोणाला चढाई करायची तर दुप्पट चिंचोके लागतात. रविवारी समाजमंदिरात दुपारी दोनला सुरू, पाचला बंद. ज्याच्याकडे जास्त गावं, तो जिंकला. बस.

एवढ्या साध्या खेळात सगळ्यात मोठी गोष्ट होती पहिली दोन गावं, आणि ती साहेब देत. फासा नाही, चिठ्ठ्या नाहीत. ते स्वतः कधी खेळत नसत. फ्लेक्सच्या नदीकडच्या बाजूला उभे राहत, पेन्सिल कानावरून हातात घेत आणि एकेकाकडे पाहून नंबर सांगत. "बेबीताई, एकोणीस आन वीस." "रोशन, चार आन नऊ." सांगितलं की संपलं. बदल मागायचा नाही. मग माझ्याकडे वळून, "बाई, लिवलं?"

लिहिलेलं असायचंच. मी सावंगीला एका दवाखान्याच्या भांडारात नोंदी ठेवते आणि घरीही मला तीच सवय आहे. पाहुण्यांना दिलेल्या चादरीसुद्धा माझ्या वहीत असतात. पहिल्याच रविवारी मी तारीख, खेळाडू, गट नंबर, निकाल असे चार रकाने आखले तेव्हा साहेबांनी वही हातात घेऊन पान वरखाली पाहिलं आणि म्हणाले, "हे बरं केलं. कागद बोलते, आपन नाई." हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. पुढे ते त्यांच्यावरच उलटलं, पण तो भाग नंतर येईल.

नवा खेळाडू आला की साहेब त्याला लगेच गाव देत नसत. पहिल्या रविवारी फक्त चहा आणि प्रश्न. प्रश्न मोठे विचित्र. "सायकल शिकताना पडले तवा पयले गुडघा पाह्यला का सायकल?" "तिकिटाच्या रांगेत कोनी मधात घुसला तं काय करता?" "भाजी घेताना पयल्या दुकानातून घेता का सगळा बाजार फिरता?" मला विचारलं होतं तेव्हा मी म्हटलं, यादी करूनच बाजारात जाते. साहेब बेबीताईंकडे पाहून हसले. त्या दिवसापासून मला बहुतेक मध्यम जमीनच मिळत गेली. माझी तक्रार नाही. मला मध्यम जमिनीवरच सुचतं.

एकदा सावंगीहून एक तरुण डॉक्टर आले. असे खेळ कॉम्प्युटरवर रात्रंदिवस खेळलो आहे, कोणता मुलूख घ्यायचा ते मला कळतं, असं त्यांनी चहा यायच्या आधीच सांगितलं. साहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. "तुमाले अकरा आन बारा," म्हणाले. आम्ही चमकलो. अकरा आणि बारा म्हणजे नदीकाठची काळी जमीन, शेजारी स्टेशन, नकाशातली सगळ्यात चांगली जोडी. डॉक्टर खूश झाले. चाळीस मिनिटांत त्यांच्याकडे एकही गाव उरलं नाही. चारी बाजूंनी सगळे त्यांच्यावरच तुटून पडले.

जाताना त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही मला सगळ्यात चांगलं दिलं होतं ना?"

"हाव. ज्याच्या आंगनात विहीर, त्याच्याच दारात गावाच्या घागरी," साहेब म्हणाले. "पुढच्या रविवारी येजा. मंग बरड देतो."

डॉक्टर आले. बरड घेतली. हळूहळू बरे खेळू लागले.

बेबीताईंचं उलट. त्यांना पहिल्यांदा टेकडीवरची एकोणीस आणि वीस दिली तेव्हा त्या चिडल्या. "काऊन साहेब? घरी बी चढ, रस्त्यानं बी चढ, आन इथं बी मलेच टेकडी?"

"तुमी पन्नास लेकरं एका खोलीत सांभाळता. तुमाले कोनी हलवू शकत नाई. जमीन वाईट नसते बेबीताई, मानसाले बसली पायजे."

बेबीताई टेकडीवर बसून राहिल्या. पावणेतीन तास एक एक चिंचोका जमवला आणि पावणेपाचला खाली उतरून चार गावं घेतली. त्या दिवशी त्या जिंकल्या. तेव्हापासून आमच्यात बरड मिळणं हा मान झाला. साहेबांनी बरड दिली म्हणजे साहेबांनी तुम्हाला ओळखलं.

आता नानाजींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं.

नानाजी भोयर साहेबांच्याच वयाचे. गावाबाहेर त्यांचं शेत आहे. गळ्यात कायम दुपट्टा, आवाज मोठा, खेळताना प्रत्येक चाल जाहीर करून करायची. "आता पाहा, नानाजी नाला ओलांडून राह्यला!" ते वरचेवर जिंकत आणि जिंकले की पुढचे सहा दिवस बसस्टॉपवर, पानाच्या ठेल्यावर, कृषी केंद्रात सगळ्यांना ते कळायचं. "डॉक्टरले हारवलं, मास्तरले हारवलं. आपलं शिक्षण सातवी." त्यांच्या आयुष्यात त्या काळात बरंच काही मनासारखं होत नव्हतं. मुलं नागपूरला, गुडघे दुखत, शेत बटाईने दिलेलं. रविवार तेवढा त्यांचा होता.

साहेबांची आणि त्यांची ओळख खेळाच्याही आधीची. साहेब नोकरीत असताना नानाजींच्या शेजाऱ्याने मोजणी मागवली होती. मोजणीच्या दिवशी साहेब कोणाच्याही घरचं पाणी घेत नसत. बाटली स्वतःची. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावर मग दोन्ही घरी अर्धा अर्धा कप चहा. त्यांची ही पद्धत सगळ्यांना माहीत होती. त्या मोजणीत नानाजींचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेला निघाला. एक पट्टा सुटला आणि त्या पट्ट्यात नानाजींच्या आईने लावलेला आंबा होता. नानाजींनी न बोलता सही केली. साहेब ठरल्याप्रमाणे अर्धा कप चहा प्यायला त्यांच्या घरी गेले. म्हातारी आई चहा घेऊन बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "साहेब, साखर बराबर हाय ना?" साहेबांनी मला हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा इथेच थांबले.

त्यांच्या मोजणीवर कोणी अपील केलं नाही, कोणी बोट दाखवलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. "आमच्या बापाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती," असं ते सहज म्हणत, "पन माह्या टेपावर कोनाचा भरोसा कमी झाला नाई." पक्षपात केला नाही, हीच त्यांची कमाई. दुसरं काही त्यांनी मिरवलं नाही.

आणि एका रविवारी नेमका तोच आळ आला.

झेरॉक्सच्या दुकानाचा रोशन लागोपाठ तीन रविवार हरला होता. साहेबांनी नंबर सांगून संपवले तसा तो म्हणाला, "साहेब, एक विचारू? नानाजीले कधीच बरड काऊन नाई भेटत?"

"भेटली असन."

"नाई भेटली. मी चार वर्सापासून येऊन राह्यलो. नानाजी कायम नदीवर."

नानाजी हसले. "अबे, हारून राह्यला म्हनून जमिनीले नावं ठेवते का?"

पण साहेब हसले नाहीत. मान वळवून म्हणाले, "बाई, वही काढा."

इथे माझं एक सांगायला हवं. मला ते माहीत होतं. त्या रविवारच्या दोन महिने आधी मी रिकाम्या वेळात खेळाडूंनुसार वेगळी यादी केली होती आणि नानाजींच्या पानावर एकही बरड गट नव्हता. मी ते पान उलटून ठेवलं. चालत्या गाडीला आपण कशाला खीळ घालायची, असं वाटलं. नोंद ठेवायची आणि दाखवायची नाही, ही माझी चूक. भांडारात असं केलं असतं तर मी स्वतःलाच मेमो दिला असता.

"वाचा," साहेब म्हणाले.

मी वाचलं. अकरा, सात. बारा, आठ. सात, अकरा. पान संपलं तरी एकोणीस नाही, वीस नाही, बावीस नाही. सगळी काळी किंवा मध्यम. वाचताना माझा आवाज मलाच मोठा वाटत होता.

साहेबांनी पेन्सिल कानावर ठेवली, पुन्हा काढली. "मी मुद्दाम नाई केलं," म्हणाले. मग वहीकडे पाहून, "पन कागद बोलते." आणि सगळ्यांसमोर नानाजींना म्हणाले, "नानाजी, तुमच्या पट्ट्याचं माह्या डोक्यातून गेलं नसन. माह्या हातानं तुमची जमीन गेली. हात आपोआप नदीकडं वळला असन."

आम्हाला वाटलं, नानाजींचं मन भरून येईल. पण ते उठले आणि दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

"म्हंजे चार वर्सं मी जिकून राह्यलो ते तुमच्या मेहेरबानीनं? बेबीले टेकडी झेपते, त्या पोऱ्या डॉक्टरले झेपते, आन मले नाई झेपत?"

"तसं नाई, नानाजी."

"तसंच हाय!" त्यांनी आपले चिंचोके फ्लेक्सवर ओतले आणि चपला घालून निघून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ठेल्यावरचा माणूस सांगत होता की नानाजी आता कोणाला हरवल्याचं बोलत नाहीत. आणि साहेब? ते दोन्ही रविवारी वेळेवर आले, फ्लेक्स पसरला आणि म्हणाले, "वाटप तुमी करा. मले जमत नाई." आम्ही केलं. रोशनने केलं तर बेबीताई भांडल्या, बेबीताईंनी केलं तर मी. चारलाच खेळ मोडला. साहेब भिंतीशी खुर्चीवर बसून होते. हिशेबी माणूस दोन आठवड्यांत इतका म्हातारा दिसू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

दुसऱ्या रविवारी आवरताना बेबीताई म्हणाल्या, "आमच्या घरी भावाभावाच्या वाटन्या झाल्या तवा आज्यानं एकच सांगतलं होतं. थोरल्यानं हिस्से पाडा, धाकट्यानं पयले उचला. थोरला मंग झक मारत बराबर पाडते. कोनाची मेहेरबानी नाई, कोनाचा उपकार नाई."

साहेब खुर्चीतून उठले. "बाई, गाडी हाय का तुमची?"

स्कूटी होती. गुंडाळलेला फ्लेक्स खांद्यावर घेऊन साहेब मागे बसले आणि आम्ही नानाजींच्या घरी गेलो. नानाजी अंगणात खाटेवर बसून तूर पाखडत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पाखडत राहिले.

"बसा, बाई," मला म्हणाले. साहेबांना काहीच नाही.

साहेब उभेच राहिले. "नानाजी, त्या मोजनीचं..."

"मोजनीचं नावच घेऊ नोका." नानाजींनी सूप खाटेवर ठेवलं. "तुमी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी घेऊन धुरा मोजला. दोन डाव. तुमचं बराबर होतं. वीतभर इकडं नाई, तिकडं नाई. तवाच माह्या मनातून गेलं. माही माय बी म्हने, सायबाचं काम चोख हाय."

साहेबांनी खांद्यावरचा फ्लेक्स खाली उतरवला.

"तुमीच धरून बसले. आन वरून मले नदी देत राह्यले. मले वाटलं, साहेब आपल्याले नदीवाला समजते, मोठा खेळाडू समजते. आन निंगलं काय? कीव!"

"चुकलं," साहेब म्हणाले. या शब्दाची मला त्यांच्या तोंडून सवय नव्हती. "आता मी वाटप करत नाई. तुमी हिस्से पाडा. तुमी थोरले."

"मी थोरला? तुमी माह्याहून चार महिन्यानं मोठे!"

"वयानं. खेळात तुमी सगळ्यात जुने. मी तं अजून एक डाव बी खेळलो नाई. मी धाकटा."

 नानाजींनी तुरीचं सूप बाजूला सरकवून खाटेवर जागा केली. "उघडा तो नकाशा," म्हणाले. "आन उभे काऊन राह्यले? बसा. आत चहा ठेवाले सांगतो."

त्या खाटेवर नानाजींनी सहा हिस्से पाडले. अर्धा तास लावला. पाडून झाल्यावर मोडले आणि पुन्हा पाडले. प्रत्येक काळ्या गावासोबत एक बरड बांधली. साहेबांनी तोंडातून अक्षर काढलं नाही, फक्त एकदा हात पुढे आला आणि त्यांनी तो स्वतःच मागे घेतला.

तेव्हापासून आमच्याकडे हीच पद्धत आहे. आदल्या रविवारी जिंकेल तो हिस्से पाडतो, सगळ्यात मागे राहिलेला आधी उचलतो, पाडणाऱ्याला उरेल ते. वेळ लागतो, वाद होतात, पण चारला खेळ मोडत नाही. पोस्टातल्या मॅडमना मी हे सांगितलं आहे. माझ्या वहीत आता पाचवा रकाना आहे, हिस्से कोणी पाडले त्याचा.

साहेब या पद्धतीने एकच रविवार खेळले. त्या आठवड्यातच गुरुवारी सकाळी झोपेत गेले.

तो रविवार मला स्पष्ट दिसतो. नानाजींनी हिस्से मांडले होते. सगळ्यात नवे म्हणून पहिली उचल साहेबांची. ते पहिल्यांदाच नदीची बाजू सोडून आमच्यात, आमच्यासारखे पाय दुमडून बसले होते. एकेका जोडीवर पेन्सिल नेत आणि मागे घेत. पाच मिनिटं झाली, सात झाली.

"उचला ना साहेब," बेबीताई म्हणाल्या, "चहा थंडा होऊन राह्यला."

"घाई नोका करू. मानसाले काय बसते ते पाहून राह्यलो."

"कोनाले?"

"मले."

रोशन हसला. नानाजीही हसले, पण त्यांनी मान पुढे काढली होती, कारण आपण पाडलेले हिस्से बरोबर आहेत का याची परीक्षा चालली होती.

शेवटी साहेबांनी पेन्सिल ठेवली आणि अकरा नंबरवर अख्खा पंजा टेकवला. नदी, काळी जमीन, शेजारी स्टेशन. सोबत बांधलेली बावीस नंबरची बरडही त्यांनी दुसऱ्या हाताने झाकली.

"हे मले पायजे," म्हणाले.

"सोचा साहेब," नानाजी म्हणाले, "सगळे तुटून पडतीन तुमच्यावर."

"पडू द्या. मी पाहून घेतो."

मी लिहिलं: ताकसांडे, अकरा, बावीस. वर पाहिलं तर त्यांनी दोन्ही हात अजून काढले नव्हते आणि बेबीताई त्यांची बोटं एकेक करून उचलत होत्या, चिंचोके मांडायला जागा व्हावी म्हणून.